हा विचार माझाच का? वहीत शोधायची एक पद्धत

मी फॉर्म बनवते. म्हणजे ऑनलाइन अर्ज, नोंदणीची पानं, 'पुढे जा' आणि 'रद्द करा' ही बटणं. गेली चौदा वर्षं हेच काम करतेय. माणूस बटण दाबतो तेव्हा त्याला वाटतं, हे आपणच ठरवलं. ते बटण कुठे असावं, केवढं असावं, यावर आम्ही आधीच तीन मीटिंगा घेतलेल्या असतात.

एकदा आमच्या एका अर्जात 'मला दर महिन्याला माहितीपत्र पाठवा' या चौकटीत आधीच बरोबरची खूण होती. ती मीच करून ठेवली होती. पुढे काही जणांना फोन करून विचारायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. "तुम्ही माहितीपत्र का निवडलंत?" एक बाई म्हणाल्या, "मला पहिल्यापासून वाचनाची आवड हो." एक गृहस्थ म्हणाले, "उपयोगी पडेल म्हणून विचार करूनच घेतलं." खूण आधीच होती आणि आपण ती काढली नाही, असं एकानेही सांगितलं नाही. बरं, खोटं कुणी बोलत नव्हतं. फोन ठेवला आणि मला जरा धास्तीच वाटली, कारण त्याच आठवड्यात मी स्वतः एक खुर्ची 'पूर्ण विचार करून' घेतली होती.

त्या खुर्चीपासून ही वही सुरू झाली. आता सहा वर्षं झाली. पद्धत सोपी आहे, पण तिच्यात दोन-तीन ठिकाणी हमखास घसरायला होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आत डोकावून काही सापडत नाही

'शांत बसा आणि स्वतःला विचारा, मला हे का वाटतंय?' असा सल्ला सर्रास दिला जातो. या कामासाठी तो कुचकामी आहे.

रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातला एक प्रयोग असा. टेबलावर नायलॉनच्या लांब मोज्यांचे चार जोड ओळीने मांडलेले. लोकांनी त्यातला सर्वांत चांगला निवडायचा आणि कारण सांगायचं. चारही जोड तंतोतंत सारखे होते. तरी सगळ्यात उजवीकडचा जोड ४० टक्के लोकांनी निवडला, सगळ्यात डावीकडचा १२ टक्के लोकांनी. कारणं विचारली तर वीण, पोत, कारागिरी. जागेचा उल्लेख कुणीच केला नाही. 'तो उजवीकडे होता म्हणून तर तुम्ही निवडला नाही ना?' असं थेट विचारल्यावर जवळपास सगळ्यांनी ते झटकून टाकलं, आणि विचारणाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय की काय, अशा नजरेने त्याच्याकडे पाहिलं.

ती नजर मी फोनवरून ऐकली आहे.

मनाला 'का?' विचारलं की ते उत्तर देतं, लगेच देतं, आणि ते पटण्यासारखंच असतं. घरात काय हरवलं ते चोरालाच विचारण्यातला प्रकार आहे हा. त्यामुळे 'का' सोडून द्यायचं आणि बाहेर दिसणाऱ्या गोष्टींच्या मागे लागायचं: कधी, कुठे, कुणाकडून, किती वेळा.

वहीतले तीन रकाने

पहिल्या रकान्यात निर्णय किंवा मत, एका ओळीत. दुसऱ्यात, गेल्या चार-पाच दिवसांत त्याबद्दल कुठे आणि कुणाकडून ऐकलं, पाहिलं, वाचलं. तिसऱ्यात, दुसरा पर्याय खरोखर किती वेळ पाहिला. मिनिटांत लिहायचं. 'बराच' असं लिहायचं नाही.

माझं पहिलंच पान समोर आहे. पहिला रकाना: 'राखाडी खुर्ची, उंच पाठीची. पाठदुखीसाठी.' दुसरा रकाना भरताना मात्र मी गप्प होत गेले. मंगळवारी शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली होती, "इतका वेळ बसतेस, खुर्ची तरी धड घे." बुधवारी एका व्हिडिओ मीटिंगमध्ये आमच्या वरिष्ठांच्या मागे अशीच खुर्ची दिसत होती. गुरुवारी फोनवर तिची जाहिरात दोनदा. शुक्रवारी मी खुर्च्यांची यादी उघडली, तर हीच सगळ्यात वर, अंगावर 'सर्वाधिक पसंती' अशी पट्टी. असल्या पट्ट्या मी स्वतः बनवते, तरीही. तिसरा रकाना: 'बसून पाहिलेल्या इतर खुर्च्या: एकही नाही. दुसरा पर्याय पाहिला: साधारण २ मिनिटं.'

पाठ अजून दुखते. ती खुर्चीमुळे दुखतच नव्हती, लॅपटॉप खाली ठेवल्यामुळे मान वाकत होती. पण ते पुढे कळलं.

दोन सूचना. वही निर्णयाच्या दिवशीच भरायची. चार दिवसांनी भरलीत तर आठवण स्वतःची डागडुजी करून बसलेली असते आणि दुसरा रकाना चक्क रिकामा राहतो. आणि प्रत्येक गोष्ट लिहायला जाऊ नका, आठवड्यात कंटाळाल. मी तीनच जातींचे निर्णय लिहिते: सहजासहजी फिरवता न येणारे, घाईत घेतलेले, आणि ज्यांची बाजू मी गरजेपेक्षा चढ्या आवाजात मांडतेय असं माझ्याच कानाला जाणवतं ते. तिसऱ्या जातीत सगळ्यात जास्त माल सापडतो.

दुसरा रकाना भरलेला निघाला म्हणजे निर्णय चुकला, असं नाही हं. चांगली गोष्टही कुणीतरी सांगितल्यावरच कळते. वहीतून एवढंच समजतं की याचं श्रेय एकट्या आपल्या अकलेला द्यायचं नाही, आणि एवढं समजलं की मत बदलायला फारसं जड जात नाही.

दुसऱ्याचं ऐकण्याआधी आपलं लिहून ठेवा

रोजच्या वापरात याच्याइतकं उपयोगी दुसरं काही मला सापडलेलं नाही.

सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात रेषांचे प्रयोग केले. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. पहिलीएवढी कोणती ते सांगायचं. लहान मूलही सांगेल. पण खोलीतले बाकीचे सगळे आधी पढवून ठेवलेले, आणि ते एकामागून एक बिनदिक्कत चुकीचं उत्तर देत. बिचाऱ्या खऱ्या उमेदवाराचा नंबर शेवटाकडे. अशा फेऱ्यांत सुमारे ३७ टक्के वेळा त्याने बाकीच्यांचीच री ओढली, आणि चारांतल्या तिघांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसत असलेलं नाकारलं. पण गटात खरं बोलणारा नुसता एक जोडीदार बसवला, तर हा दबाव झपाट्याने उतरला. उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायला दिलं, तरी उतरला.

म्हणून आमच्या मीटिंगमध्ये आता चिठ्ठ्या असतात. पूर्वी 'हे काम किती दिवसांचं?' असं विचारलं की सगळ्यात अनुभवी माणूस म्हणायचा, "आठवडाभर?" मग टेबलाभोवती सात, सहा, आठ, सात. वाटायचं, किती छान एकमत! पहिल्यांदा चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा आकडे निघाले तीनपासून पंचवीसपर्यंत. पंचवीस लिहिणारी मुलगी गटात नवीन होती आणि जुन्या माहितीचं स्थलांतर फक्त तिलाच आठवलं होतं. काम बावीस दिवस चाललं.

पहिला आकडा असा डोक्यात रुतून बसतो, आणि त्याचा विषयाशी संबंध असावा लागतो असंही नाही. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांच्या १९७४ च्या लेखात एक चक्र आहे. ते फिरवलं की १० किंवा ६५ वरच थांबेल अशी सोय केलेली. चक्र थांबलं की विचारायचं, संयुक्त राष्ट्रांमध्ये आफ्रिकी देशांचं प्रमाण किती टक्के असेल? ज्यांना १० दिसला त्यांच्या अंदाजांचा मध्य २५, ज्यांना ६५ दिसला त्यांचा ४५. चक्राचा आफ्रिकेशी काय संबंध?

एकटे असाल तेव्हाही हे जमतं. एखाद्या गोष्टीचा बोलबाला असेल तर लोकांचे अभिप्राय वाचण्याआधी आपलं मत दोन ओळींत लिहून ठेवा. मग खुशाल वाचा. मत बदललं तर निदान कुठे बदललं ते दिसेल.

'सगळीकडे' म्हणजे किती ठिकाणी?

बाबा एकदा फोन हातात घेऊन आले.

"अगं, हे खरंच असणार. सगळीकडे हेच सांगतायत."

"सगळीकडे म्हणजे कुठे, बाबा?"

"हे बघ ना. आमच्या ग्रुपवर आहे, तुझ्या काकाने पाठवलंय, आणि शिवाय ते सकाळी फिरायला येणारे आहेत ना, तेही म्हणाले."

मी तिन्हींचा माग काढला. काकांनी तो मजकूर ग्रुपवरून उचलला होता. फिरायला येणारे गृहस्थ त्याच ग्रुपमध्ये होते. म्हणजे 'सगळीकडे' बरोबर एक ठिकाण होतं.

हसू नका. माझ्या वहीत असली चार पानं आहेत. एकच वाक्य पुन्हापुन्हा कानावर पडलं की ते खरं वाटू लागतं. १९७७ सालीच हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना काही आठवड्यांच्या अंतराने विधानांच्या याद्या ऐकवून हे दाखवलं. काही विधानं खरी, काही खोटी, त्यांतली थोडी दर वेळी परत यायची. परत आलेल्या विधानांवरचा विश्वास वाढत गेला, खोट्यांवरचासुद्धा. ओळखीचं वाक्य डोक्यात अडखळत नाही, आणि त्या न अडखळण्यालाच आपण खरेपणा समजतो.

त्यामुळे दुसऱ्या रकान्यात एखादी गोष्ट तीनदा आली की मी शेजारी उगम लिहिते. तीन नोंदी आणि उगम एक, तर ती नोंद एकच धरायची. एवढंच करायचं असतं. कंटाळवाणं आहे, पण पाच मिनिटांच्या वर लागत नाहीत.

खूण आधीच कुणी केली आहे?

हा माझाच धंदा, म्हणून थोडक्यात उरकते. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी २००३ मध्ये युरोपातल्या देशांची मरणोत्तर अवयवदानाला संमती ताडून पाहिली. जर्मनीत १२ टक्के, शेजारच्या ऑस्ट्रियात ९९.९८ टक्के. ऑस्ट्रियातले लोक काही आठपट उदार नाहीत. तिथे 'नाही' म्हणायचं असेल तर कळवावं लागायचं, जर्मनीत 'हो' म्हणायचं असेल तर.

तेव्हा कुठल्याही अर्जापुढे, करारापुढे, फोनच्या सेटिंगपुढे एकच प्रश्न: मी काहीच केलं नाही तर काय होईल, आणि ते कुणी ठरवलंय? एका संध्याकाळी फोनमधल्या सगळ्या सूचना बंद करा आणि मग ज्या हव्या त्या एकेक करून चालू करा. उलट क्रमाने केलंत, म्हणजे नको त्या शोधून बंद करत बसलात, तर दहाव्यालाच कंटाळून सोडून द्याल. अनुभवाने सांगते. आम्ही त्या कंटाळ्याच्याच भरवशावर असतो.

ताबा वाटणं वेगळं, असणं वेगळं

इथवर आलं की लोकांचं दोनपैकी एक काहीतरी होतं. एक म्हणजे, 'आता मला सगळं कळलं, मी नाही फसणार.' एलेन लँगर यांचा १९७५ चा लॉटरीचा प्रयोग अशांसाठी आहे. तिकीट एका डॉलरचं. काहींना ते हाताने निवडू दिलं, काहींना नुसतं दिलं. नंतर विचारलं, हे विकायचं झालं तर किती घ्याल? नुसतं मिळालेल्यांनी सरासरी १.९६ डॉलर सांगितले, स्वतः निवडलेल्यांनी ८.६७. सोडत तर तीच होती.

दुसरं मला जास्त घातक वाटतं: 'सगळंच बाहेरून ठरतं, मग मी कशाला डोकं शिणवू?' ज्युलियन रॉटर यांनी १९६६ मध्ये विधानांच्या २९ जोड्यांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. जे घडतं ते आपल्या करण्याने घडतं असं माणूस मानतो, की नशिबाने आणि इतरांच्या मर्जीने, हे तिच्यात मोजलं जातं. बहुतेक लोक मधे कुठेतरी असतात, आणि कामाला एक, घराला दुसरं असंही चालतं. माझं स्वतःचं सांगते. इच्छाशक्ती बॅटरीसारखी असते, वापरली की संपते, असं मी एका व्याख्यानात ऐकलं. तेव्हापासून दर संध्याकाळी माझी बॅटरी नेमाने उतरू लागली. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून तो परिणाम तपासला आणि तो जवळपास शून्य निघाला. म्हणजे माझी सबबसुद्धा बाहेरून आलेली होती! तीही वहीत आहे.

उलट्या बाजूने: तुम्ही कुणासाठी 'बाहेरचे' आहात?

हा भाग मला सुचला नव्हता. तो वहीने दाखवला.

बाबांचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मी त्यांची सगळी व्यवस्था हातात घेतली. व्यायामाची वेळ, औषधांचा डबा, खोलीतली मांडणी, कुणी कधी भेटायला यायचं ते. "बाबा, तुम्ही बसा, मी बघते." दोनेक महिन्यांनी वहीत काही लिहिताना माझ्या लक्षात आलं की त्या आठवड्यात मी त्यांना विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एकच होतं: "तू म्हणशील तसं." मला ते समजूतदारपणाचं वाटत होतं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई मात्र म्हणाल्या, "पूर्वी भांडायचे माझ्याशी. आता भांडत नाहीत, आणि पायही उचलत नाहीत."

लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांचा १९७६ चा वृद्धाश्रमातला प्रयोग मी तेव्हा पुन्हा वाचला. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं, तुमच्या दिवसाची जबाबदारी तुमची. एक झाड निवडा, तुम्हीच सांभाळा, सिनेमा कोणत्या रात्री बघायचा तेही ठरवा. दुसऱ्या मजल्यावर झाड दिलं, पण पाणी परिचारिका घालतील. सिनेमाची रात्रही नेमून दिली. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत आणि हिंडतीफिरती दिसली. (पुढे कोणत्या मजल्यावर किती मृत्यू झाले याचे आकडे प्रसिद्ध झाले ते फार गाजले. त्यांच्या हिशोबाची दुरुस्ती छापावी लागली, म्हणून ते मी सांगत नाही.)

आणि डेव्हिड ग्लास व जेरोम सिंगर यांचा गोंगाटाचा प्रयोग. कर्कश आवाज सहन करायचा, पण काहींच्या हाताशी तो थांबवायचं बटण. शक्यतो दाबू नका, असंही सांगितलेलं. बहुतेकांनी ते दाबलं नाही. तरी नंतरच्या कामात, छापील मजकुरातल्या चुका शोधण्यात, ते बिनबटणवाल्यांपेक्षा सरस ठरले. बटण नुसतं असणं पुरलं होतं.

बाबांच्या हाताशी मी एकही बटण ठेवलं नव्हतं, आणि माझा पोटापाण्याचा उद्योगच बटणांचा.

काय बदललं ते सांगते. एक, 'बरं ना?' असा प्रश्न बंद. त्याचं उत्तर 'बरं' असंच येतं, ती आधीच केलेली खूण आहे. त्याऐवजी दोन खरे पर्याय द्यायचे, आणि दोन्ही मला चालणार असतील तरच द्यायचे. नाहीतर ते नाटक होतं, आणि म्हातारी माणसं नाटक बरोबर ओळखतात. दोन, विचारल्यावर गप्प बसायचं. मी घड्याळ लावून पाहिलं, बाबांना उत्तर द्यायला पंधरा-वीस सेकंद लागतात. मी चौथ्यालाच पुढचा पर्याय सुचवत होते. तीन, निर्णय मला पटला नाही तरी, पडण्या-झडण्याचा धोका नसेल तर, तो अमलात आणायचा. तिसरं सगळ्यात कठीण.

पहिले आठ-दहा दिवस "तू म्हणशील तसं" चालूच राहिलं. मग एका सकाळी ते म्हणाले, "व्यायाम संध्याकाळी. सकाळी नको." झालं एवढंच. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्यायामवाल्या बाईंशी त्यांचं भांडण झालं, पाय किती उचलायचा यावरून.

ती राखाडी खुर्ची आता त्यांच्या खोलीत आहे. मी ती खिडकीजवळ ठेवली होती. उजेड असतो, वारा असतो. बाबांनी ती एके दिवशी ढकलत ढकलत दाराजवळ आणली.

"बाबा, इथे येणारा-जाणारा प्रत्येकजण धडकेल."

मी वीस सेकंद मोजले.

"धडकू दे," ते म्हणाले. "थांबून बोलतील तरी."

मी वही काढली. पहिला रकाना: 'खुर्ची दाराजवळ.' दुसरा: 'खिडकीच चांगली, असं माझ्याकडून चार वेळा.' तिसऱ्या रकान्याशी थबकले. दुसरा पर्याय त्यांनी किती वेळ पाहिला असेल?

"बाबा, खिडकीपाशी किती दिवस बसलात हो तुम्ही?"

"अडीच महिने," ते म्हणाले. "लिही. आणि जाताना नीट जा, पाय लागेल."